‘कसणे’ या क्रियापदाचा कर्ता कोण?

शब्दांचाही सातबारा असतो. ‘कसणे’ हा शब्द घ्या. जमीन कसली म्हणजे नांगरली, खुरपली, पाणी दिलं, पीक काढलं. कंबर कसणं, कसलेला पैलवान, कसून केलेली मेहनत, सगळी याच घरातली. सगळीकडे अंग झिजतं. अंग न हलवता जमीन कसणं बोलीला ठाऊक नाही.

कायद्याला मात्र ठाऊक आहे.

१९४८ चा कुळकायदा आला. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा गावोगाव गेली. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कुळं कायद्यानं मालक मानली गेली. खंडाच्या जोखडातून माणूस सुटला, हे मी नाकारत नाही. पण त्याच कायद्याचं कलम २(६) वाचा. तिथं ‘जातीने कसणे’ म्हणजे काय ते सांगितलंय. स्वतः राबणं हे कसणं. घरच्यांनी राबणं हेही कसणं. आणि मजूर लावून नुसती देखरेख केली, तरी तेसुद्धा कसणंच! बांधावर छत्री घेऊन उभा राहिलेला कसणारा ठरला. वाफ्यात वाकलेली बाई मजूर ठरली.

शब्दही बघा. ‘जातीने’ म्हणजे स्वतः. हा शब्द अरबी ‘ज़ात’मधून आला. जातपातीतली जात संस्कृतातून आली. मुळं वेगळी, पण गावात दोन्ही एकाच बांधावर भेटली. मालक जातीने देखरेख करायचा, आमची माणसं जातीनेच राबायची.

माझी आई चाकणच्या बाजूला दुसऱ्याच्या वावरात रोजानं कांद्याची लागण करायची. ‘औंदा लई कांदा लावला आम्ही,’ म्हणायची. ‘आम्ही जमीन कसली’ असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कष्ट तिचे, क्रियापद मालकाचं.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी बजावलं की कुळकायद्यानं सहा कोटी अस्पृश्यांचं भलं होणार नाही, कारण ते भूमिहीन मजूर आहेत. शेती हा सरकारी उद्योग करा, गावानं ती सामुदायिकपणे कसावी, ही त्यांची मागणी होती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी तुरुंग भरले, ते याच सवालावर.

पुढं इथल्या जमिनीच गेल्या. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एम.आय.डी.सी. स्थापन झाली, मग पट्टा भोसरीवरून चाकणपर्यंत पसरला. मोबदला कागदावरचं नाव बघून मिळाला. आईचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं तीन वर्षं तिथं राबून पोट भरणारं शेतमजुराचं कुटुंबही बाधित धरलं. चाकणच्या पहिल्या टप्प्यांतली शिवारं तोवर शेडखाली गेली होती. आता त्याच शेडमध्ये आमची पोरं कंत्राटी आहेत. यंत्रावर हात पोराचा, हजेरीपट कंत्राटदाराचा, माल कंपनीचा. कलम २(६) शेतातून कारखान्यात आलं, इतकंच.

साहित्यातही तेच. प्रस्थापित समीक्षकांचा लाडका शब्द ‘कसदार’. दलित लेखनात नुसता आक्रोश आहे, कस नाही, असं आम्हांला ऐकवलं गेलं. अहो, जमिनीला कस येतो कशानं? शेणखताच्या पाट्या डोक्यावर कुणी वाहिल्या? काळ्या आईचे गोडवे गाणारं पुष्कळ लेखन मी वाचलं. त्यात आई आहे, तिचा मालक-मुलगा आहे, पण तिच्या अंगावर दिवसभर वाकलेला माणूस दोन ओळींत येऊन जातो. ही उणीव कलेची आहे. ज्याच्या हातानं पीक आलं तोच गाळला, तर ते शेतीचं चित्रण कसलं?

कार्यकर्त्यांनो, घोषणा टाकून देऊ नका. ‘कसेल त्याची जमीन’ ही आपलीच घोषणा आहे. फक्त सभेत ती देताना विचारा, कसेल म्हणजे कोण? आणि कथा-कविता लिहाल तेव्हा वाक्याचा कर्ता तपासा. तो बांधावर उभा असेल, तर वाक्य पुन्हा लिहा.