बिबटेक: सुबक यादी आणि संदर्भ क्रमांक ४७



आज एका सॉफ्टवेअरची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची करतात तशीच, म्हणजे काय चांगलं, काय फसलं आणि ते वापरताना आपण कुठे फसतो. सॉफ्टवेअरचं नाव बिबटेक. तुम्ही लाटेकमध्ये प्रबंध लिहिणार असाल तर याच्याशी गाठ पडणारच. 'संदर्भयादीचं काय, ती तर आपोआप होते' असं कुणी ना कुणी तुम्हाला सांगेलच. मलाही सांगितलं होतं.

माझ्या पहिल्या प्रकरणाचा मसुदा मी मॅडमना दिला तेव्हा त्यात ११२ संदर्भ होते. यादी इतकी देखणी दिसत होती की मीच दोनदा प्रिंट काढून पाहिली. मॅडमनी संदर्भ क्रमांक ४७ वर पेन्सिलने गोल केला आणि म्हणाल्या, "हा पेपर उद्या घेऊन ये." पेपर माझ्याकडे नव्हता. त्या संदर्भाचं पुढे काय झालं ते शेवटाकडे सांगते, कारण या समीक्षेचा खरा मुद्दा तिथेच आहे.

आधी श्रेय देऊ. डोनाल्ड क्नूथ यांचं टेक १९७८ सालचं. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात लाटेक उभं केलं, आणि १९८५ मध्ये ओरेन पटाश्निक यांनी लॅम्पोर्ट यांच्या सोबतीने बिबटेक आणलं. आज इतक्या वर्षांनंतरही त्याच्या आवृत्तीचा आकडा ०.९९ च्या पुढे सरकलेला नाही. तरी जगभरातले प्रबंध त्यावर चालतात. असं का होतं?

कारण त्यामागची कल्पना फार चांगली आहे. संदर्भाची माहिती एका फाइलमध्ये ठेवायची: लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, पानं. ती कशी दिसावी याचे नियम दुसऱ्या फाइलमध्ये. मजकुरात आपण फक्त एक खूण लिहितो, उदाहरणार्थ 'पाटील२०१९'. कार्यक्रम तीनवेळा नाही, चारवेळा चालवायचा: लाटेक, बिबटेक, पुन्हा लाटेक, पुन्हा लाटेक. पहिल्या फेरीत खुणांची नोंद होते. बिबटेक त्या खुणा वाचून यादी तयार करतं. तिसऱ्या फेरीत यादी कागदपत्रात येते आणि चौथ्या फेरीत क्रमांक जागेवर बसतात. नवशिक्यांना क्रमांकाच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं ते बहुतेकदा यातली एखादी फेरी राहिल्यामुळे, नाहीतर खुणेचं स्पेलिंग चुकल्यामुळे. घाबरू नका.

याचा फायदा प्रत्यक्ष कामात कळतो. एका नियतकालिकाला संदर्भ मजकुरातल्या क्रमाने हवेत, दुसऱ्याला आडनावाच्या अकारविल्हे. एका शब्दाचा बदल केला की सगळी यादी नव्याने रचली जाते. 'प्लेन' शैली अकारविल्हे लावते, 'अनसॉर्ट' मजकुरातल्या क्रमाने, 'अब्रव' नावांची आद्याक्षरं करते, 'अल्फा' क्रमांकाऐवजी लेखकाची अक्षरं आणि वर्ष देते. हातानं ११२ संदर्भांची फेरमांडणी ज्यांनी केली आहे त्यांना विचारा, हे किती मोठं सुख आहे ते.

आता तक्रारी. पहिली तक्रार नावांची.

बिबटेकला नाव दोन-तीन पद्धतींनी समजतं. 'नाव आडनाव' असं सरळ, किंवा 'आडनाव, नाव' असं स्वल्पविराम देऊन, किंवा मध्ये 'ज्युनिअर'सारखा भाग घालून दोन स्वल्पविरामांनी. दोन लेखकांच्या मध्ये मात्र स्वल्पविराम चालत नाही, इंग्रजी 'अँड' हा शब्दच लागतो. आपण काय करतो? पेपरवरची नावं जशीच्या तशी चिकटवतो: 'ए. पाटील, बी. जोशी, सी. काळे'. इथे दोन स्वल्पविराम आहेत. बिबटेक समजतं की हा एकच माणूस आहे. आडनाव 'ए. पाटील', ज्युनिअरच्या जागी 'बी. जोशी', आणि स्वतःचं नाव 'सी. काळे'. मग 'प्लेन' शैलीत छापून येतं: 'सी. काळे ए. पाटील, बी. जोशी'. तीन माणसांचा एक माणूस झाला आणि शेवटचा लेखक पहिला आला. आपल्याकडे शेवटचं नाव बहुधा गाइडचं असतं, म्हणजे ज्या विद्यार्थ्यानं रात्री जागून प्रयोग केले तो मागे गेला.

चार लेखक असते तर तीन स्वल्पविराम झाले असते आणि बिबटेकनं 'स्वल्पविराम फार झाले' अशी तक्रार केली असती. तीन लेखकांच्या बाबतीत ते गप्प राहतं, कारण त्याच्या नियमात काहीच चुकलेलं नाही. ही गप्प चूक मला ओरडणाऱ्या चुकीपेक्षा जास्त धोक्याची वाटते.

संस्थेच्या नावाचंही असंच. एखाद्या मंडळाचं चार शब्दांचं नाव लेखक म्हणून दिलं की शेवटचा शब्द आडनाव ठरतो आणि 'अब्रव' शैलीत आधीच्या शब्दांची आद्याक्षरं होतात. उपाय सोपा आहे. संपूर्ण नावाला आणखी एक महिरपी कंस घाला, मग बिबटेक त्याला हात लावत नाही.

दुसरी तक्रार शीर्षकांची, आणि ही आपल्याला उशिरा लक्षात येते. आपल्या देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, त्यामुळे डोळ्याला ती सवय कमी. बिबटेकच्या मूळ शैली लेखाच्या शीर्षकातलं पहिलं अक्षर सोडून बाकी सगळं लहान करतात. परिणाम असा की शीर्षकाच्या मध्ये 'रामन स्पेक्ट्रा' असेल तर रामन यांचं पहिलं अक्षर लहान होतं. ज्यांना १९३० साली नोबेल मिळालं त्यांचं नाव सामान्यनाम होऊन बसतं. 'डीएनए'ची तीन अक्षरं लहान होतात, टिटॅनियमच्या रासायनिक सूत्रातलं ऑक्सिजनचं अक्षरही. इथेही उपाय कंसाचाच, पण कंस कुठे घालायचा हे तुम्हाला विषय कळल्याशिवाय कळणार नाही. ज्याला रामन म्हणजे माणूस हे माहीत आहे तोच कंस घालेल.

तिसरी तक्रार आपल्या लिपीची. समाजशास्त्र, इतिहास, भाषाशास्त्र, अगदी पर्यावरणशास्त्रातही मराठी ग्रंथांचे संदर्भ द्यावे लागतात. बिबटेक घडलं ते इंग्रजी अक्षरांच्या काळात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं. बिबटेकला ते तीन बाइट म्हणजे तीन वेगळी अक्षरं वाटतात. 'अब्रव' शैलीत ते नावाचा पहिला बाइट कापून आद्याक्षर म्हणून देतं आणि पानावर अक्षराऐवजी कचरा येतो. आपल्याकडे तर आद्याक्षर मात्रेसकट घेतात. 'पु. ल.' मधला उकार काढून पाहा, कुणाला ओळख पटेल का?

यावरची वाट म्हणजे फिलिप लेहमन यांनी सुरू केलेलं बिबलाटेक आणि त्याच्या जोडीला बायबर. बायबर युनिकोड समजतं आणि वर्णक्रमही युनिकोडच्या नियमाने लावतं. लाटेकऐवजी झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरलं की मराठी संदर्भ नीट बसतात. प्रबंध स्वतःच्या हातात असेल तर मी हेच वापरा म्हणेन. पण अनेक नियतकालिकांचे साचे आजही बिबटेकवरच उभे आहेत, त्यामुळे दोन्ही शिकावं लागतं. यात दोष बिबटेकचा एकट्याचा नाही. सोयीचं झालेलं जुनं कुणी बदलत नाही, आपल्या विभागातल्या फॉर्मांसारखंच.

आता शेवटची तक्रार. ती खरं तर सॉफ्टवेअरची नाही, आपली आहे.

सुबक यादी बघणाऱ्याच्या मनात विश्वास तयार करते. लेखक तिरपा नाही, नियतकालिक तिरपं, खंड ठळक, पानांच्या मध्ये योग्य लांबीची रेघ. एवढं नीट दिसतंय म्हणजे खरंच असणार! एका मोठ्या प्रकाशकाच्या लेखनसूचनांमध्ये संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक नमुना दिलेला होता. 'वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला' अशा अर्थाचं शीर्षक, लेखकांची नावं, २००० हे वर्ष, खंड, पानं, सगळं होतं. तो लेख अस्तित्वातच नव्हता, ते नियतकालिकही नव्हतं. तरी शेकडो पेपरांच्या यादीत तो आढळला. बरेचसे परिषदांचे पेपर होते. साचा उघडला, आपला मजकूर भरला आणि नमुन्याची ओळ काढायची राहिली. लिहिणाऱ्यानं पाहिलं नाही, तपासणाऱ्यानंही नाही.

याला एक गमतीदार पूर्वज आहे, आणि तो आपल्या घरातला आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९३१ मध्ये 'बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेया'च्या व्यापकीकरणावर एक लेख छापला. त्यात ज्या रशियन बूर्बाकीचा हवाला होता तो माणूस काल्पनिक होता. आंद्रे वेइल तेव्हा अलीगढला होते, ही थट्टा त्यांच्या सांगण्यावरून झाली असं सांगतात. काही वर्षांनी फ्रेंच गणितज्ञांच्या गटानं तेच आडनाव घेतलं आणि ते जगप्रसिद्ध झालं. कोसंबींना आपण थट्टा करतोय हे ठाऊक होतं. नमुन्याची ओळ यादीत ठेवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

२००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी एक हुशार हिशोब केला. एका गाजलेल्या पेपरचे ४३०० उल्लेख त्यांनी पाहिले. १९६ उल्लेखांमध्ये छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पान क्रमांकाची एकच चूक ७८ वेळा आलेली. इतक्या जणांकडून नेमका तोच आकडा स्वतंत्रपणे चुकणं शक्य नाही. म्हणजे त्यांनी मूळ पेपर न उघडता दुसऱ्याच्या यादीतून उतरवून घेतलं. त्यांच्या अंदाजानं उल्लेख करणाऱ्यांपैकी सुमारे पाचातला एकच मूळ लेख वाचतो. अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी बोट बरोबर दुखऱ्या जागी आहे.

आता संदर्भ क्रमांक ४७. मी लिहिलं होतं की टिटॅनियम डायऑक्साइडमध्ये मिसळलेल्या घटकाचं प्रमाण वाढवलं की त्याची प्रकाशउत्प्रेरक क्षमता वाढते. हे वाक्य मी एका आढावा-लेखातून घेतलं होतं आणि संदर्भही तिथूनच उचलला होता. मूळ पेपर मिळवायला मला दोन दिवस लागले, कारण पान क्रमांक चुकीचा होता, आणि तो आढावा-लेखातही तसाच चुकीचा होता. मॅडमनी ते आधीच ओळखलं होतं. मूळ पेपरमध्ये लिहिलं होतं की क्षमता एका मर्यादेपर्यंत वाढते आणि नंतर कमी होते. माझ्या पुढच्या सहा महिन्यांच्या नमुन्यांचं प्रमाण मी त्या मर्यादेच्या पलीकडे ठरवलं होतं. बिबटेकनं एकही इशारा दिला नव्हता. का देईल? त्याच्या लेखी नोंद परिपूर्ण होती.

मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "यादी तुझी आहे, कॉम्प्युटरची नाही."

म्हणून तुम्हाला सांगते. नोंद इंटरनेटवरून आयती घ्या, हरकत नाही, पण पेपर उघडून शेजारी ठेवा आणि लेखक, वर्ष, खंड, पान ताडून बघा. आयत्या नोंदीत लेखकांची नावं 'आणि इतर' म्हणून तोडलेली असतील तर पूर्ण करा. नावांमध्ये 'अँड' आहे का पाहा. विशेषनामांना आणि सूत्रांना कंस घाला. बिबटेक चालल्यावर त्याची नोंदवही, म्हणजे लॉगची फाइल, एकदा तरी वाचा. आणि प्रत्येक नोंदीत स्वतःसाठी एक टिपणाची ओळ ठेवा: 'पूर्ण वाचला', 'फक्त सारांश', 'दुसऱ्याकडून घेतला'. छापील यादीत ती ओळ येत नाही, बिबटेकच्या 'प्लेन'सारख्या शैली अनोळखी नावाच्या ओळीकडे दुर्लक्ष करतात. तिला 'नोट' एवढं नाव मात्र देऊ नका, ते छापलं जातं.

माझ्या फाइलमध्ये आता अशी ओळ प्रत्येक नोंदीत आहे. ती घालायला सुरुवात केली तेव्हा ११२ पैकी ३९ नोंदींपुढे मला प्रामाणिकपणे 'पूर्ण वाचला' लिहिता आलं. आज संदर्भ ८४ आहेत. यादी आधीपेक्षा लहान आहे, आणि मॅडमनी कुठल्याही ओळीवर गोल केला तरी तो पेपर माझ्या टेबलावर आहे.