काकोलूकीय आणि काळाची वाळू : 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळमालिकेतील कोडे आणि कथन

म्हैसूरच्या दक्षिणेस, कपिला नदीच्या परिसरातील कारापूर या गावी १९२४ मध्ये एका माहुताच्या घरी साबू या मुलाचा जन्म झाला. रॉबर्ट फ्लाहर्टी हे दिग्दर्शक किपलिंगच्या कथेवरील 'एलिफंट बॉय' (१९३७) या चित्रपटाच्या निमित्ताने म्हैसूर संस्थानात आले, तेव्हा त्यांच्या चमूला हा पोरका मुलगा संस्थानच्या हत्तीखान्याशी संबंधित मंडळींत सापडला. पुढे तो इंग्लंडला गेला आणि १९४० साली अलेक्झांडर कोर्डानिर्मित 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटात अबू नावाचा चोर झाला. या चित्रपटातील एक दीर्घ दृश्य येथे लक्षात ठेवावयाचे आहे. अबू एका प्रचंड देवीमूर्तीवर चढतो, महाकाय कोळ्याच्या जाळ्यातून वाट काढतो आणि मूर्तीच्या कपाळीचे रत्न काढून घेतो. कठड्यावरून कठड्यावर, दोरावरून खाचेत, एकेक अडथळा ओळखून त्यावर युक्ती योजणारे हे शरीर पुढे पन्नास वर्षांनी एका निराळ्याच माध्यमात पुन्हा अवतरले.

जॉर्डन मेक्नर या अमेरिकी तरुणाने अ‍ॅपल-दोन या संगणकासाठी केलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा व्हिडिओ गेम १९८९ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने प्रसिद्ध केला. आपल्या प्रेरणास्थानांत मेक्नर यांनी 'थीफ ऑफ बगदाद'चा उल्लेख केला आहे. तो नसता तरी खलनायकाच्या नावावरून नाते उघड झाले असते. चित्रपटात आणि खेळातही दुष्ट वजिराचे नाव जाफर असे आहे. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' वाचून वाढलेल्या मराठी वाचकास हे खटकते, कारण त्याच्या ओळखीचा जाफर हा हारून अल् रशीदाबरोबर रात्री वेषांतर करून बगदादमध्ये हिंडणारा विश्वासू मंत्री आहे. इतिहासातील जाफर बर्मकी याचा ८०३ मध्ये खलिफाच्याच आज्ञेने वध झाला. त्याचे घराणे बल्खच्या नवविहार या बौद्ध विहाराच्या प्रमुखांचे होते, आणि 'बर्मक' ही पदवी संस्कृत 'प्रमुख' या शब्दापासून आली असे अभ्यासक मानतात. म्हणजे विसाव्या शतकातील पाश्चात्त्य करमणुकीने ज्याला कपटाचे प्रतीक केले, तो मूळ कथापरंपरेत स्वामीच्या लहरीचा बळी आहे. एडवर्ड सैद यांच्या मांडणीचे हे सोपे उदाहरण म्हणून येथेच थांबता येईल. परंतु तसे केल्यास या मालिकेतील अधिक महत्त्वाची गोष्ट दृष्टिआड होते. ती म्हणजे तिच्यातील कोड्याचे बदलत गेलेले स्वरूप.

पहिल्या खेळाची घटना साधी आहे. राजकन्या कैदेत, घटिकायंत्रात वाळू झिरपते आहे, आणि तळघरातील कैदी नायकाजवळ साठ मिनिटे आहेत. मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रीकरण करून त्यावरून नायकाच्या हालचाली रेखाटल्या, म्हणून या आकृतीला वजन आहे. ती धावताना चटकन थांबू शकत नाही, कड्याला लोंबकळते, पडली तर मरते. कोडे आरंभी केवळ अवकाशाचे असते : कोणती फरशी दाबली असता कोणता दरवाजा उघडतो, तो मिटण्यापूर्वी तेथवर पोचता येईल काय. चौथ्या टप्प्यावर मात्र वाटेत एक आरसा उभा राहतो. त्यातून झेप घेतल्यावाचून गती नाही. झेप घेताच नायकाची छाया दुसऱ्या बाजूने निसटून जाते. पुढे ही छाया त्याच्या वाट्याचे औषध पिऊन टाकते, त्याच्यासमोर दार लावून घेते, आणि बाराव्या टप्प्यावर तलवार उपसून सामोरी येते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार नायकालाच लागतो. उत्तर एवढेच की तलवार म्यान करावी आणि तिच्याकडे चालत जावे. दोघे एक होतात, व त्यानंतर जेथे पोकळी दिसत होती तेथे पावलाखाली पूल उमटू लागतो.

ही छाया संगणकाच्या अपुऱ्या मेमरीतून जन्मली. निराळा शत्रू रेखाटण्यास जागा नव्हती, म्हणून नायकाचीच आकृती किंचित सरकवून तिचा शत्रू केला. छंदाच्या बंधनातून प्रतिमा सुचावी, तसा हा प्रकार आहे. मला यात अधिक मोलाचे वाटते ते असे की, येथे कोडे सोडविणे म्हणजे कौशल्य वाढविणे नव्हे, तर आतापर्यंत शिकलेले कौशल्य बाजूला ठेवणे आहे. अकरा टप्पे ज्या तलवारीने तारले, तिचाच त्याग हे बाराव्याचे उत्तर होय.

१९९३ चा दुसरा भाग आणि १९९९ चा त्रिमितीय भाग यांविषयी विशेष लिहिण्याजोगे नाही. पहिल्यात विस्तार आहे, दुसऱ्यात तंत्राची घाई. खरे वळण २००३ मध्ये येते. युबिसॉफ्टच्या माँट्रियल येथील स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' हा खेळ केला. त्याची कथा पुन्हा मेक्नर यांनी लिहिली. आता घटिकायंत्रातील वाळू ही केवळ मुदत मोजणारी राहत नाही; नायकाच्या हाती आलेल्या खंजिरात ती साठते आणि तिच्या बळावर गेलेले काही क्षण मागे फिरविता येतात. उडी चुकली, तर काळ उलटा वाहतो आणि पाय पुन्हा कड्यावर येतात. १९८९ च्या खेळात मृत्यू ही शिक्षा होती. येथे ती एक पाठभेद ठरते.

'पाठभेद' हा शब्द मी सैल अर्थाने वापरीत नाही. हा संपूर्ण खेळ राजपुत्राच्या तोंडून सांगितला जात आहे. खंजिरातील वाळू संपली असता खेळाडू मेला, तर निवेदकाचा आवाज येतो की नाही, असे घडले नव्हते, आणि कथा पुन्हा आधीच्या ठिकाणापासून सुरू होते. खेळ जपून ठेवू गेल्यास तो म्हणतो की पुढच्या वेळी येथूनच सांगू लागेन. मध्येच सोडून जाऊ पाहिल्यास तो विचारतो की गोष्ट पुरी होण्याआधीच मी निघून जावे काय. एस्पन आर्सेथ यांच्या 'सायबरटेक्स्ट' (१९९७) नंतर खेळ आणि कथा ही परस्परांहून भिन्न रूपे मानावीत की नाही याविषयी पुष्कळ वाद झाला. या खेळाने तो वाद सिद्धान्तावाचून ओलांडला आहे, कारण यंत्राच्या ज्या क्रिया निव्वळ व्यावहारिक होत्या त्यांनाच त्याने कथनक्रिया केले आहे. पहाट होताच शहरजादीने कथा अर्ध्यावर थांबवावी, तोच हा बंध आहे. फरक श्रोत्याचा आहे. शहरजादी स्वतःचा जीव वाचविण्यासाठी सांगते. राजपुत्र ज्या श्रोत्याचा जीव वाचवू पाहतो त्यालाच सांगत असतो, आणि हा श्रोता कोण हे शेवटपर्यंत कळत नाही.

तो श्रोता म्हणजे फराह, हिंदुस्थानच्या महाराजांची कन्या. (महाराजांच्या मुलीचे हे नाव कसे, असा प्रश्न कथेला पडत नाही.) कथेच्या आरंभी महाराजांचा वजीर फितूर होतो, त्याच्या साहाय्याने पर्शियाचे सैन्य महाराजांचा राजवाडा लुटते, वाळूचे घटिकायंत्र, खंजीर व फराह लुटीत जातात. पुढील अनर्थात फराह मरते. तेव्हा राजपुत्र सर्वच काळ मागे फिरवितो, हल्ल्याच्या आदल्या रात्री तिच्या महालात शिरतो आणि जे आता कधीच घडलेले नाही ते तिला सांगतो. तिला ते पटत नाही. अशी अद्भुत गोष्ट रचण्याचे कारण काय, असे ती विचारते, आणि तो माघार घेऊन ती गोष्टच होती असे मान्य करतो. जाताना ती नाव विचारते, तेव्हा तो एक शब्द उच्चारतो : काकोलुकिया. भीती वाटली की हा शब्द म्हणावा, दार उघडते, असे लहानपणी आईने आपल्याला सांगितले होते व हे आपण कोणालाच सांगितलेले नाही, असे फराहने त्याला त्या पुसल्या गेलेल्या काळात सांगितलेले असते.

भारतीय वाचकाला या शब्दापाशी थांबावेच लागते. 'काकोलूकीयम्' हे पंचतंत्रातील तिसऱ्या तंत्राचे नाव आहे. कावळे आणि घुबडे यांच्या वैराची ही कथा. तीत कावळ्यांचा मंत्री स्थिरजीवी शरणागताचे सोंग घेऊन घुबडांच्या किल्ल्यात प्रवेश मिळवितो आणि आतूनच त्याची राखरांगोळी करतो. महाराजांचा राजवाडाही बाहेरच्या बळाने नव्हे, तर आतल्या मंत्र्याच्या हाताने पडतो. पंचतंत्र सहाव्या शतकात बुर्झोयने खुस्रो अनुशिर्वानसाठी पहलवीत नेले, आठव्या शतकात इब्न अल् मुकफ्फाने ते 'कलिला व दिम्ना' या नावाने अरबीत आणले. त्या प्रवासातील एक संस्कृत शीर्षक कॅनडात घडलेल्या खेळात, अर्थ झडून गेलेला लाडका बालशब्द होऊन राहिले आहे. त्याचे कार्य मात्र आपल्या नाट्यपरंपरेत सुपरिचित आहे. ते अभिज्ञान आहे. दुष्यंताची स्मृती शापाने गेली, फराहची काळ उलटल्याने; शकुंतलेची अंगठी हरवते व माशाच्या पोटातून परत येते, हा शब्द हरवत नाही, केवळ ज्याला तो ठाऊक असणे अशक्य त्याच्या मुखातून येतो. मला तर हे रूप अधिक सूक्ष्म वाटते, कारण अंगठी हा पुरावा ठरतो, शब्दाने केवळ विश्वास उत्पन्न होतो.

नंतरच्या भागांनी ही उंची टिकविली नाही. 'वॉरियर विदिन' (२००४) मध्ये राजपुत्राच्या पाठीस दहाका नावाचा काळरक्षक लागतो. अवेस्तातील अझी दहाकाचे, म्हणजे शाहनाम्यातील जहाकचे, हे नाव भय निर्माण करण्यापुरते उसने घेतले आहे. तरीही त्यातील एक कल्पना मार्मिक आहे : दुरून दिसलेली काळी आकृती म्हणजे मुखवटा घालून मागे परतलेला नायकच असल्याचे उघड होते, आणि १९८९ ची छाया काळाच्या परिमाणात परत येते. २००८ च्या खेळात नायक मरतच नाही, दरवेळी एलिका त्याचा हात धरते. मृत्यू गेल्याबरोबर निवेदकाची गरजही गेली. 'द लॉस्ट क्राउन' (२०२४) हा माँपेलिए येथील स्टुडिओने केलेला खेळ मात्र प्रथमच खऱ्या इराणकडे वळला : काफ पर्वत, सीमुर्ग, आणि फारसी भाषेतील संवाद ऐकण्याची सोय. त्यातील एक सोय अशी की न सुटलेल्या जागेचे चित्र टिपून नकाशावर टाचून ठेवता येते. कोडे येथे स्मृतीचे होते. समीक्षकांनी त्याचे कौतुक केले. तो करणारा गट त्याच वर्षी विखुरला गेला.

आता पुण्याकडे वळू. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टने 'सँड्स ऑफ टाइम'ची नवी प्रत जाहीर केली आणि ती पुणे व मुंबई येथील स्टुडिओंत तयार होत असल्याचे सांगितले. महाराजांच्या लुटलेल्या राजवाड्याची कथा प्रथमच त्या भूमीवर आली. प्रसिद्ध झालेल्या चित्रफितीवर जगभर टीका झाली, ती चेहऱ्यांच्या घडणीवर आणि प्रकाशावर. मला पाहावयास मिळालेल्या चर्चेत तो राजवाडा कोणत्या हिंदुस्थानातला, त्याचे सज्जे व कमानी कोठल्या, हा प्रश्न आला नाही. प्रकाशन पुढे ढकलले गेले, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे वर्ग झाले, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रकल्प रद्द केला.

या घटनेची तुलना कृष्णशास्त्री चिपळूणकरांशी करण्याचा मोह होतो व तो आवरण्याचे कारण दिसत नाही. कृष्णशास्त्र्यांनी आरंभलेले आणि विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांनी पुढे नेलेले 'अरबी गोष्टीं'चे भाषांतर अरबीवरून नव्हे, इंग्रजीवरून झाले. गौरी देशपांडे यांचे सोळा खंडही बर्टनच्या इंग्रजीवरून. ही प्रतीची प्रत होती, तरी मराठीत ती मूळ ग्रंथासारखी नांदली, कारण वाक्य कसे वळवावे याचा निर्णय भाषांतरकाराच्या हाती होता. पुनर्निर्मितीत मात्र मूळ खेळ जसा आठवतो तसाच, परंतु अधिक उजळ दिसावा अशी अपेक्षा असते. आणि आठवणारा ग्राहक पुण्यातला नसतो. पुण्यातील कारागिरांचे कौशल्य कमी पडले की त्यांना दिलेले काम मुळातच भाषांतराचे नसून नकलेचे होते, हे बाहेरून ठरविणे अवघड. चित्रफितीवरील टीकेने मात्र पहिलेच उत्तर गृहीत धरले, आणि ते मला घाईचे वाटते. शाळेच्या पुस्तकात स्थिरजीवीची गोष्ट वाचलेल्या कोणाला संहिता चाळताना तो शब्द ओळखू आला असेल काय, आणि आला असल्यास त्याचे काय करावयाचे ते त्याच्या अधिकारात होते काय, हे विचारण्याजोगे आहे. त्या प्रतीत फराह तो शब्द कसा उच्चारणार होती, दीर्घ ऊकार ठेवून की न ठेवता, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही.