पेटंटाचे स्वामित्व आणि परवान्याचा विवेक

विद्यापीठातील संशोधन उद्योगाच्या हाती कोणत्या अटींवर सोपवावे, ह्या प्रश्नाचा विचार बहुधा उत्पन्नाच्या अंगाने होतो. पेटंटे किती घेतली, रक्कम किती पदरी पडली, एवढ्यावरच संस्थेचे यश मोजले जाते. हे माप किती अपुरे आहे, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

ह्या विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक ह्यांनी 1890 साली दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी कसोटी प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. दुधात पाणी घालणाऱ्यास त्यामुळे आळा बसला व प्रामाणिक उत्पादकाच्या मालाची पारख होऊ लागली. पुढे 1924 मध्ये त्याच विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक ह्यांनी, जंबुपार किरणांच्या प्रभावाने अन्नात मुडदूस रोखणारा गुण उत्पन्न होतो, हे दाखविले. त्यांनी मात्र पेटंटाचा मार्ग पत्करला. बेजबाबदार उत्पादकांनी ह्या शोधाचा बाजार मांडू नये आणि मिळणारे धन संशोधनासच परत यावे, हा त्यांचा हेतू होता. एका कंपनीने देऊ केलेली मोठी रक्कम नाकारून त्यांनी आपले हक्क माजी विद्यार्थ्यांनी 1925 साली स्थापिलेल्या स्वतंत्र न्यासाकडे सोपविले. त्या न्यासाने विद्यापीठातील संशोधनास दीर्घकाळ आधार दिला, हे निर्विवाद आहे.

तथापि ह्याच न्यासाने मार्गारीनच्या उत्पादकांना परवाना नाकारला. विस्कॉन्सिन हा दुधालोण्याचा प्रदेश. मार्गारीन हे लोण्याचे प्रतिस्पर्धी. परंतु मार्गारीन हेच गरिबांचे लोणी होते, आणि मुडदुसाचा धोकाही त्यांच्याच मुलांना अधिक होता. ज्यांच्यासाठी औषध शोधले, त्यांच्याच ताटापासून ते दूर राहिले. 1940 नंतरच्या दशकात अपील न्यायालयाने ह्या विसंगतीवर बोट ठेवले आणि पेटंटेही अग्राह्य ठरविली.

ह्यावरून पेटंटच त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. स्टॅनफर्ड विद्यापीठाने कोहेन आणि बॉयर ह्यांच्या जनुकजोडणीच्या पद्धतीसाठी 1974 साली अर्ज केला. पहिले पेटंट 1980 मध्ये मिळाले. मात्र एकाच कंपनीस मक्ता न देता, माफक शुल्क भरणाऱ्या कोणत्याही कंपनीस परवाना देण्याचे धोरण त्या विद्यापीठाने ठेवले. पद्धत शेकडो कंपन्यांपर्यंत पोचली आणि उत्पन्नही विपुल झाले. पेटंट दोन्ही ठिकाणी होते. भेद होता तो परवान्याच्या धोरणात.

भारतात, सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनाच्या बौद्धिक संपदेविषयीचे विधेयक अमेरिकेच्या 1980 च्या बे-डोल कायद्याच्या धर्तीवर 2008 साली राज्यसभेत मांडले गेले आणि 2014 मध्ये मागे घेतले गेले. पण कायदा नाही म्हणून करार थांबत नाहीत. विद्यापीठे आपापल्या नियमांनुसार ते करीतच असतात. म्हणूनच अशा प्रत्येक करारास एक प्रश्न विचारला पाहिजे: परवाना नाकारण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, आणि त्या नकाराचा भार कोणावर पडणार? शोध जनतेच्या पैशावर लागला असेल, तर ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ लेखापालावर सोपवून विद्यापीठास मोकळे होता येणार नाही.