'तुमचा संगणक सज्ज करा' : न वाचल्या जाणाऱ्या एका प्रकरणाविषयी

जैवमाहितीशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे पुस्तक उघडले, की पहिल्या प्रकरणात बहुधा जनुकही नसते आणि प्रथिनही. 'तुमचा संगणक सज्ज करा' अशा काहीशा मथळ्याखाली तेथे आज्ञांची एक यादी असते. विद्यार्थ्याने त्या एकामागून एक टंकायच्या आणि सगळे सुरळीत झाले, तर पान उलटायचे. अशा पुस्तकांची परीक्षणेही दुसऱ्या प्रकरणापासूनच सुरू होतात. आम्ही येथे त्या पहिल्या प्रकरणाचेच परीक्षण करणार आहोत. नवशिक्यांची गळती सर्वांत आधी याच पानांवर होते. आणि प्रयोगशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा तेथे असूनही तो शिकवला जात नाही, अशी आमची तक्रार आहे.

यादी एवढी लांब का असते, ते आधी पाहू. डीएनएच्या क्रमाचा अभ्यास एका आज्ञावलीने होत नाही. सारखे क्रम शोधणारी एक, जुळवणी करणारी दुसरी, फरक टिपणारी तिसरी. ब्लास्ट ही शोध घेणारी आज्ञावली १९९० सालची. तिच्या शेजारी कालपरवाची एखादी बसवायची. प्रत्येकीला आपल्या मदतनीस आज्ञावल्या लागतात, आणि त्याही ठरावीक आवृत्तीच्या. एकीला जी आवृत्ती हवी, ती दुसरीला चालत नाही. प्रयोगशाळेत एका कामाला ३७ अंशांचे पाणी हवे आणि दुसऱ्याला ६५ अंशांचे, तर आपण दोन पात्रे ठेवतो. संगणकातही तेच करायचे: प्रत्येक कामासाठी वेगळी खोली, जिला इंग्रजीत एन्व्हायर्नमेंट म्हणतात, आपण 'परिसर' म्हणू. असे परिसर उभे करून देणारे साधन म्हणजे कोंडा. (नावाचा भाकरीशी संबंध नाही. मात्र, कोंड्याचा मांडा करणे म्हणजे काय, ते हे साधन वापरताना कळते.) जीवशास्त्राच्या हजारो आज्ञावल्यांचे बायोकोंडा हे भांडार त्याच्या आधाराने चालते.

हा तीन-चार वाक्यांचा खुलासा आम्ही पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत नाही. तेथे नुसती कृती असते, कारण नसते. परिणाम काय होतो, याचे एक उदाहरण देतो. बायोपायथनच्या १.७८ या आवृत्तीतून सप्टेंबर २०२० मध्ये 'बायो.अल्फाबेट' हा भाग काढून टाकण्यात आला. त्यापूर्वीच्या कितीतरी धड्यांच्या पहिल्या-दुसऱ्या ओळीतच त्या भागाला हाक मारलेली असते. आज असा धडा हाती घेऊन नवी आवृत्ती बसवणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तराऐवजी इंग्रजीतली खरमरीत तक्रार दिसते. दोष त्याचा नसतो. पण पुस्तकात आवृत्तीचा आकडाच दिलेला नसेल, तर हे त्याला कळावे कसे? आपल्यालाच हा विषय जमत नाही, असे ठरवून तो उठतो. आणि शिक्षकांनाही त्याला काय सांगावे हे सुचत नाही.

तरी ही चूक ओरडून सांगते, म्हणून ती सोसवते. न ओरडणारी अधिक वाईट. २०१९ साली हवाई विद्यापीठातील संशोधकांनी असे एक प्रकरण उजेडात आणले. विषय रसायनशास्त्राचा होता, पण धडा आपलाही आहे. रेणूची रचना पडताळण्यासाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन आज्ञावल्या अनेकजण वापरत होते. तीच आज्ञावली, त्याच फाईली. पण वेगवेगळ्या संगणक-प्रणालींवर उत्तरे निराळी! कारण क्षुल्लक होते. फाईली कोणत्या क्रमाने वाचायच्या हे लिहिणाऱ्यांनी प्रणालीवर सोडले होते, आणि प्रत्येक प्रणालीचा क्रम वेगळा. फाईली आधी क्रमवार लावून घेतल्या, की दोष जातो. मात्र, तोवर कोठेही लाल अक्षर उमटले नव्हते. म्हणजे संगणकाचा परिसर हा प्रयोगाबाहेरचा मांडव नाही. आम्लाची तीव्रता जशी प्रयोगाचा भाग, तसाच तो प्रयोगाचा भाग आहे.

इश्त्वान आल्बर्ट यांच्या 'बायोस्टार हँडबुक' या पुस्तकाचा येथे आदराने उल्लेख केला पाहिजे. त्यांनी विद्यार्थ्याला 'डॉक्टर' नावाची एक छोटी आज्ञावली दिली. ती एकेका साधनाची नाडी पाहते आणि काय जागेवर नाही ते सांगते. केवढी सोय! तरीही अशी तपासणी साधन हजर असल्याचे सांगते, ते खरे बोलते की नाही हे सांगत नाही.

दुसरी तक्रार वाचकाविषयीच्या गृहीताची. बायोकोंडा हे लिनक्स आणि मॅक यांसाठीचे भांडार आहे. आपल्या शाळा-कॉलेजांत सर्रास दिसतात ती विंडोजची यंत्रे. विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय २०१६ पासून आहे. पण ती बसवायला यंत्राच्या व्यवस्थापकाचे अधिकार लागतात, आणि तो पासवर्ड ज्यांच्याकडे असतो ते नेमके त्या दिवशी रजेवर! पुस्तकांत हा सगळा भाग एका परिच्छेदात उरकलेला असतो. गॅलक्सी या प्रणालीत सारे काम दूरच्या संगणकावर होते. आपल्याकडे फक्त ब्राउझर लागतो. शिवाय कोणते साधन कोणत्या आवृत्तीचे वापरले, याची नोंद ती स्वतःच ठेवते. अकरावी-बारावीच्या वर्गाने निःसंकोच तेथून सुरुवात करावी. गूगलच्या कोलॅबबद्दल आम्ही तेवढे निःशंक नाही; तेथील साधनांच्या आवृत्त्या आपल्याला न विचारता बदलतात. पुढे संशोधनाकडे जाणाऱ्याने मात्र एकदा तरी स्वतःच्या हाताने परिसर उभारावा.

तो उभारून झाल्यावर पहिले काम ज्ञात उत्तराचे द्यावे. मानवी इन्शुलिनच्या संकेताचा भाग ३३३ अक्षरांचा आहे. त्याचे भाषांतर केले, की मेथिओनीनपासून सुरू होणारी ११० अमिनो आम्लांची साखळी आणि शेवटी थांब्याचा संकेत मिळायला हवा. यात फरक पडला, तर पुढे जाऊ नये. मग जर्नलमध्ये तारीख, प्रणाली आणि मुख्य साधनांच्या आवृत्त्या लिहाव्यात. कोंडा ही यादी स्वतः काढून देतो, पण त्याच्या पूर्ण यादीत त्या-त्या प्रणालीपुरते बारकावे मिसळलेले असतात आणि ती दुसऱ्या प्रणालीवर बहुधा चालत नाही. म्हणून शेजारच्या बाकावर द्यायची असेल, तर चार-पाच मुख्य नावांची, आकड्यांसह हाताने लिहिलेली यादीच द्यावी.