वीस प्रश्नांत मावलेले व्यसन

मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधी तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेतले विज्ञानाचे शिक्षक आमच्याकडे कागदांचा एक गठ्ठा घेऊन आले. शाळेत मोबाइलच्या दुष्परिणामांवर एक व्याख्यान झाले होते. त्यानंतर वक्त्यांनी 'इंटरनेट-व्यसन चाचणी' नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली वाटली होती आणि नववीच्या दोन्ही तुकड्यांनी ती भरली होती. ज्यांची बेरीज ५० च्या वर गेली त्यांची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर होती. ती पालकसभेत वाचायची की नाही एवढेच ठरायचे होते. सरांची शंका साधी होती. यादीत वर्गातील एक अतिशय नेटका अभ्यास करणारी मुलगी होती आणि पहिल्या तासाला रोज पेंगणारा मुलगा मात्र नव्हता. "मोजपट्टी चुकली की माझी नजर?" असे त्यांनी विचारले.

पुस्तकांचे परीक्षण होते, प्रश्नावलीचे सहसा होत नाही. ती छापील असते, तिला गुण असतात, म्हणून ती शास्त्रीय वाटते. पण प्रश्नावली हाही कुणीतरी, कुठल्यातरी काळी, कुणासाठी तरी लिहिलेला मजकूरच असतो. तेव्हा आम्ही ही प्रश्नावली एखाद्या पुस्तकासारखी वाचायचे ठरवले.

तिच्या जन्माआधी एक विनोद झाला होता. १९९५ साली न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी 'इंटरनेट-व्यसन विकार' असे नाव देऊन त्याची लक्षणे गंभीर वैद्यकीय भाषेत लिहिली. मनोविकारांच्या अधिकृत सूचीची ती थट्टा होती. गंमत अशी, की ती वाचून आपल्याला हाच आजार आहे असे सांगणारे लोक त्यांना लिहू लागले. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, अमेरिकेतील किंबर्ली यंग यांनी हाच विषय पूर्ण गांभीर्याने मांडला. त्यांनी अमेरिकन मनोविकार-सूचीच्या चौथ्या आवृत्तीतील जुगाराच्या व्यसनाचे दहा निकष घेतले, दोन गैरलागू म्हणून सोडले आणि उरलेल्या आठांत जुगाराऐवजी इंटरनेट घातले. आठांपैकी पाचांना 'होय' म्हणणारा व्यसनी ठरला.

पाहणीत सहभागी झालेले लोक वर्तमानपत्रांतील जाहिराती, भित्तिपत्रके आणि इंटरनेटवरील मदत-गट यांतून मिळाले. शिवाय 'इंटरनेट' किंवा 'व्यसन' हे शब्द शोधत आलेलेही त्यांत होते. म्हणजे ज्यांना आधीच शंका होती तेच मोठ्या संख्येने आले असणार. एकूण ४९६ जणांपैकी ३९६ व्यसनाधीन ठरले यात मग नवल नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या ३९६ जणांतील पुरुषांचे सरासरी वय २९ होते, स्त्रियांचे ४३. ते मुख्यतः गप्पांच्या खोल्यांत आणि शब्दांनी खेळायच्या सामूहिक खेळांत रमलेले होते. आपल्याकडे तेव्हा, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, इंटरनेट सर्वसामान्यांसाठी नुकतेच खुले झाले होते. चौदा वर्षांची मुले या मोजपट्टीच्या मुळाशी कुठेच नव्हती.

१९९८ मध्ये यंग यांनीच या आठ प्रश्नांच्या जागी वीस प्रश्न आणले. 'क्वचित' ते 'नेहमी' अशा पायऱ्या, प्रत्येकी जास्तीत जास्त ५ गुण, एकूण १००. ५० पासून पुढे वारंवार अडचणी, ८० पासून पुढे गंभीर अडचणी. सरांच्या गठ्ठ्यातील मराठी भाषांतर वाचताना आम्हांला प्रथम हसू आले. जोडीदाराच्या सहवासापेक्षा इंटरनेट अधिक सुखाचे वाटते का, असा एक प्रश्न आहे. मूळ रोख पती-पत्नीच्या जवळिकीवर आहे. नववीच्या वर्गात जोडीदार म्हणजे बाकावरचा सोबती. मुलांनी त्याच अर्थाने, प्रामाणिकपणे, गुण दिले होते. कामाच्या ठिकाणी कामगिरी घसरली का, हा प्रश्न तर मुलांनी घरकाम समजून सोडवला होता. दुसरे काही करण्याआधी टपाल पाहता का, या प्रश्नात टपालाऐवजी व्हॉट्सॲप घातले होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच गृहपाठ व्हॉट्सॲपवर पाठवू लागलो आणि अनेक शाळांत ती सवय पुढेही राहिली. आधी व्हॉट्सॲप पाहणारा विद्यार्थी आज्ञाधारक की व्यसनी? मटक्याच्या अड्ड्यावर कोणी गृहपाठ पाठवत नाही. जुगाराचे निकष जसेच्या तसे उचलण्यातली अडचण इथेच आहे.

आता त्या मुलीचा कागद. आपण किती वेळ फोनवर होतो हे लपवता का, घरचे तक्रार करतात का, रात्री जागरण होते का, कोणी विचारले तर बचावाचा पवित्रा घेता का: या चारही प्रश्नांना तिने 'नेहमी' लिहिले होते. सरांनी तिच्याशी बोलून घेतले. घरात फोन एकच, वडिलांचा. मुलीच्या हाती फोन नको असे घरचे मत. वडील झोपल्यावर ती वर्गाच्या गटावर आलेली टिपणे उतरवून घेते. तिच्या चारही उत्तरांत खोटे काही नाही. पण 'लपवणे' हे प्रश्नावलीच्या लेखी व्यसनाचे लक्षण आहे आणि तिच्या घरात ते शिकण्याची अट आहे. 'असर'च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयाच्या फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २० टक्के. ज्या प्रश्नावलीला फोन कोणाच्या मालकीचा हे विचारावेसे वाटत नाही, ती मुलींना जास्त गुण देईल की कमी, हे घराघरावर अवलंबून राहील.

आपण सर्वांनी बी.एड.ला विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन शब्द पाठ केलेले असतात. या प्रश्नावलीचे समर्थक पहिल्याकडे बोट दाखवतात: पुन्हा भरून घेतली तरी बेरीज साधारण तीच येते, प्रश्नांचा एकमेकांशी मेळ बसतो. ते खरे आहे. पण पाच ग्रॅम जास्त दाखवणारा तराजूही रोज पाच ग्रॅमच जास्त दाखवतो. २०२१ मध्ये डग्लस पॅरी आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर ताडून पाहिला. दोहोंतील सहसंबंध ०.३८ एवढाच निघाला. 'समस्याग्रस्त वापर' मोजणाऱ्या प्रश्नावल्यांच्या बाबतीत तो ०.२५ वर आला. त्याच वर्षी लियम सॅचेल आणि सहकाऱ्यांचा एक खट्याळ प्रयोग प्रसिद्ध झाला. समाजमाध्यमांच्या व्यसनाच्या प्रश्नावल्यांचा साचा घेऊन त्यांनी समोरासमोर भेटणाऱ्या मित्रांच्या 'व्यसना'ची प्रश्नावली रचली. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोट्या ती व्यवस्थित उतरली आणि ८०७ जणांपैकी ६९ टक्के लोक मित्रांचे व्यसनी ठरले! गोल्डबर्गांचा विनोद पंचवीस वर्षांनी पुन्हा झाला, या वेळी आकडेमोडीसह.

याउपर यादी करण्याचा प्रश्न राहतो. फळ्यावर करता येईल असे एक गणित पाहू. आकडे आमच्या कल्पनेतले आहेत. समजा १००० मुलांत खरोखर अडचणीत असलेली ३० आहेत. चाचणी बरीच चांगली आहे: ३० पैकी २४ ओळखते आणि उरलेल्या ९७० पैकी फक्त दहा टक्के, म्हणजे ९७ मुलांना, चुकून पकडते. यादीत नावे झाली १२१. त्यांतली २४ खरी. पालकसभेत ही यादी वाचली तर प्रत्येक खऱ्या नावामागे चार मुले फुकट व्यसनी ठरतात, आणि सहा जण यादीबाहेर राहिल्याने निर्धास्त होतात.

याचा अर्थ सगळे आलबेल आहे असा आम्ही मुळीच घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात खेळांच्या विकाराला जागा आहे, समाजमाध्यमांच्या 'व्यसना'ला स्वतंत्र जागा नाही. त्या विकाराचे वर्णन पाहा: खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपुढे खेळाला प्राधान्य, नुकसान दिसूनही चालू ठेवणे, आणि यामुळे शिक्षण, घर, मैत्री यांत ठळक बिघाड. हे सारे साधारणपणे बारा महिने. तासांची मर्यादा त्यात नाही. वीस प्रश्नांत नेमका हा बिघाड आणि हा कालावधी पातळ झालेला आहे. जिथे तो खरोखर दिसतो तिथे तज्ज्ञाची गरज असते. बंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये २०१४ पासून अशा रुग्णांसाठी स्वतंत्र उपचार-केंद्र चालते ते काही हौसेने नव्हे.

वीसपैकी एक प्रश्न आम्हांला खरोखर चांगला वाटतो: झोपेचा. झोप कमी पडणे वर्गात दिसते, पालकांना दिसते, त्याला 'क्वचित-नेहमी'ची पायरी लागत नाही. आणि ती दुरुस्त करायला मुलावर शिक्का मारावा लागत नाही, फोन रात्री कुठे ठेवायचा एवढे घरात ठरवावे लागते. मात्र जागरणामागचे कारण विचारूनच घ्यावे लागते, हे त्या मुलीने दाखवलेच आहे.

राहिला तो पेंगणारा मुलगा. त्याच्या कागदावर वीसच्या वीस ठिकाणी सर्वांत खालची पायरी होती. कागदावर नाव लिहायचे होते आणि कागद कुठे जाणार हे त्याने ओळखले होते. सर एका रविवारी सहज त्याच्या घरी गेले. मोठा भाऊ कारखान्यात रात्रपाळीला जातो, तेव्हा जुना फोन याच्याकडे असतो आणि पहाटे तीनपर्यंत खेळ चालतो, हे मुलानेच सांगितले. खेळातली टोळी परगावची आहे आणि मध्येच उठले तर ते परत घेत नाहीत, हेही सांगितले. शाळेतला क्रिकेटचा संघ त्याने जुलैत सोडला होता. कुणी विचारले नव्हते. सरांनी भावाशी बोलून फोन रात्री डब्याबरोबर कारखान्यात न्यायचे ठरवले आहे आणि मुलाला पुन्हा संघात घेतले आहे. यादी मुख्याध्यापकांनी कपाटात ठेवली आहे. ती फाडावी असा आमचा आग्रह अजून त्यांनी मानलेला नाही.