कारवीचे फोटो: फूल दिसतं, झुडूप दिसत नाही

२०२४ च्या सप्टेंबरात तुमच्याही फोनवर कारवी फुलली असणारच. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ मध्ये फुलली, मग २०१६ मध्ये आणि मग २०२४ मध्ये. मधली वर्षं नुसती हिरवी पानं, उन्हाळ्यात नुसत्या काटक्या. त्यामुळे फुलल्यावर लोक कॅमेरे घेऊन धावले तर नवल नाही. मीही धावले.

पण आता हेच फोटो माझा डेटा आहेत, आणि ते रोज बघून माझी थोडी चिडचिड होते.

फोटो वाईट नाहीत. उलट फारच चांगले आहेत. एक फूल मधोमध, पाकळीवर थेंब, मागचं सगळं विरघळलेलं. दहा जणांचे फोटो शेजारी ठेवले तर एकाच माणसाने काढलेत असं वाटतं. अडचण अशी की कारवी हे असं एकटं फूल नाहीच. कारवी म्हणजे डोक्यापेक्षा उंच झुडपांचा अख्खा उतार. तो एकदम फुलतो, बी धरतो आणि मरतो. तिची खरी गंमत 'एकदम' या शब्दात आहे, आणि नेमका तोच या फोटोंतून कापला जातो.

माझा प्रश्न साधा आहे: एका उतारावरची सगळी झुडपं खरंच एकाच वर्षी फुलतात का? एकदम फुलण्याचं एक जुनं स्पष्टीकरण असं, की एवढं बी एका वेळी पडलं की खाणारे कीडे-उंदीर खाऊन खाऊन थकतात आणि बरंचसं बी वाचतं. हे खरं असेल तर एक-दोन वर्षं आधी किंवा नंतर फुलणाऱ्या झुडपाचं नुकसान व्हायला हवं. ते तपासायचं तर मला फुललेल्या झुडपाशेजारचं न फुललेलं झुडूपही दिसायला हवं. त्याचा फोटो कोण काढणार?

दुसरं म्हणजे ओळख. आपल्याकडे कारवीची भावंडं बरीच आहेत. वायटी घ्या: फुलांचे गोंडे चिकट, वास उग्र. फरक कळतो तो पानांवरून आणि फुलाखालच्या छदांवरून. म्हणजे मागे धूसर करून टाकलेल्या भागावरून! रंगाचं तर बोलूच नका. डोळ्यांना जांभळं दिसलेलं फूल माझ्या फोनमध्ये निळं येतं, आणि वर फिल्टर लावला की संपलंच.

गंमत म्हणजे ज्यांना 'खरे' फोटोग्राफर नाकं मुरडतात, त्या सेल्फी मला जास्त उपयोगी पडल्या. माणूस पुढे हसतोय आणि मागे अख्खी झुडपं आहेत, पानांसकट. शिवाय माणसाच्या उंचीवरून झुडपाचीही उंची कळते. (अर्थात सेल्फीसाठी झुडपांत घुसून फांद्या मोडणाऱ्यांचं कौतुक करत नाहीये. आठ वर्षं थांबलेलं झुडूप बी धरायच्या आधीच मोडलं तर त्याला दुसरी संधी नसते.)

मला आवडलेला एकच फोटो सांगते. ओळखीच्या एका काकांनी पाठवलेला, हललेला, क्षितिज तिरकं. पुढे घराची कुडाची भिंत, शेणमाती पडून आतल्या कारवीच्या काठ्या उघड्या झालेल्या. मागे जांभळा डोंगर. काकांना बहुतेक डोंगरच दाखवायचा होता. पण त्या एका फोटोत कारवी फुलण्याआधी आणि मेल्यावर लोकांच्या कोणत्या कामाची असते तेही आलं. थेंबवाल्या शेकडो फोटोंत ते नाही.

तसे नंतरचे फोटो तर जवळपास नाहीतच. फुलं गेल्यावर तीच झुडपं वाळून उभी राहतात. बोंडं उन्हाळाभर तशीच लटकतात आणि पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींत तडातड फुटतात, बी उडतं. सप्टेंबरातल्या गर्दीपैकी जूनमध्ये परत कोणी आलेलं मी तरी पाहिलं नाही.

म्हणून एक विनंती. २०२४ चे फोटो अजून फोनमध्ये असतील तर 'खराब' म्हणून पुसू नका. रुंद, हललेले, मध्ये कोणाचं तरी डोकं आलेले, सगळे चालतील. तारीख आणि जागा तेवढी शाबूत ठेवा. आणि त्याच उतारावर पुन्हा गेलात तर काहीच फुललेलं नसताना एक फोटो काढा. फूल नाही, हेही मला लिहून ठेवायचंय.