परकीय निवाडा आणि गैरहजर पक्षकार

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींची घरे कोथरूडमध्ये पुष्कळ आहेत. त्यामुळे तेथील न्यायालयाच्या निवाड्याला येथे मोल काय, हा प्रश्न केवळ कायदेपंडितांपुरता राहिलेला नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ प्रमाणे परकीय निवाडा सामान्यतः निर्णायक ठरतो. त्यास सहा अपवाद आहेत. अधिकारक्षेत्राचा अभाव, नैसर्गिक न्यायाचा भंग व कपट हे त्यांतील प्रमुख. ज्यास आपले म्हणणे मांडण्याची खरी संधी मिळाली नाही, त्याचे रक्षण करणे हा या अपवादांचा मुख्य हेतू होय. ग्वाल्हेरच्या न्यायालयाने १९४८ साली सरदार शितोळे यांना दिलेला एकतर्फी हुकूमनामा अलाहाबादेत बजावण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली नकार दिला. निवाड्याच्या वेळी ते न्यायालय परकीय होते आणि प्रतिवादींनी त्याचे अधिकारक्षेत्र मान्य केले नव्हते; पुढील विलीनीकरणाने हा मूळ दोष दूर होत नाही, असे ठरले. पतीने मिसूरी राज्यात मिळविलेला घटस्फोट १९९१ च्या नरसिंहराव खटल्यात अमान्य झाला, तोही याच न्यायबुद्धीने.

ही ढाल भक्कम आहे. परंतु जी स्त्री अमेरिकेत उभयपक्षी खटला लढवून रकमेचा हुकूमनामा मिळविते आणि जिचा पती पुण्यास परततो, तिचे काय? १९३७ साली घातलेल्या कलम ४४अ प्रमाणे अधिसूचित देशांतील वरिष्ठ न्यायालयांच्या अशा हुकूमनाम्याची दरखास्त थेट जिल्हा न्यायालयात दाखल करता येते. ब्रिटन व सिंगापूर या यादीत आहेत. २०२० साली संयुक्त अरब अमिरातीही आली. अमेरिका मात्र नाही. म्हणून त्या स्त्रीस निवाड्याच्या आधारे तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागतो.

परस्परतेवाचून सवलत देऊ नये, हा युक्तिवाद शासनांच्या व्यवहारात समर्थनीय आहे. पण त्याचा भुर्दंड पक्षकारावर पडतो. शिवाय यादीतील देशांच्या हुकूमनाम्यांनाही कलम १३ चे अपवाद लागू आहेतच. म्हणजे गैरहजर पक्षकाराचे रक्षण यादी करीत नाही, कलम १३ करते. तेव्हा ज्या खटल्यात दोन्ही पक्ष हजर होते, तेथील रकमेच्या हुकूमनाम्यास तरी देश न पाहता थेट दरखास्तीचा मार्ग खुला असावा. न्यायाची कसोटी निवाडा कसा झाला ही असावी. तो कोठे झाला ही नव्हे.